मशेरी खात नाहीत, लावतात

समजा, इंदापूर तालुक्यातलं एखादं गाव आहे. सकाळचे दहा वाजून गेलेत. एमबीबीएसची एक विद्यार्थिनी पडवीत बसून फॉर्म भरते आहे. नाव, वय, शिक्षण, घरात माणसं किती, आणि मग सातवा प्रश्न : ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ समोर बसलेली पन्नाशीची बाई जोरात मान हलवते. ‘न्हाय बाई, आमच्यात बायामाणसं तंबाखू खात न्हाईत.’ मुलगी ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण करते आणि आठव्या प्रश्नाकडे वळते. बाईच्या पाठीमागे, भिंतीतल्या कोनाड्यात, दंतमंजनाच्या जुन्या डबीत काळी भुकटी आहे. सकाळपासून बाईचं बोट त्या डबीत दोनदा जाऊन आलं आहे.

बाई खोटं बोललेली नाही. तंबाखू खातात, विडी ओढतात. मशेरी मात्र लावतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची आणि तर्जनीने दातांवर, हिरड्यांवर फिरवायची. घरोघरच्या बायकांच्या लेखी ते दात घासणं असतं, व्यसन नव्हे. फॉर्म तयार करणाऱ्याचं क्रियापद चुकलं आणि तंबाखू वापरणारी एक बाई आकडेवारीतून नाहीशी झाली.

अशा किती बायका नाहीशा होत असतील? प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जागतिक पाहणी, म्हणजे ‘गॅट्स’, भारतात २०१६-१७ साली दुसऱ्यांदा झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ती केली. तिच्यानुसार महाराष्ट्रात १७ टक्के प्रौढ स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या धूरविरहित. पुढे २०१९-२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात हाच आकडा सुमारे ११ टक्के निघाला. राज्य तेच, मधे फार तर चार वर्षं गेलेली. मग सहा टक्के बायकांनी तंबाखू सोडली म्हणायची का? सोडली असेलही. पण प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारला की मोघम, एकांतात विचारला की सासूच्या देखत, हे पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवणं घाईचं ठरेल. दारूच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा आहे. ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २७.३ टक्के पुरुष दारू पिणारे निघाले, कुटुंब आरोग्य पाहणीत १८.८ टक्के. दोन्ही पाहण्या सरकारी आणि दोन्ही प्रचंड मोठ्या.

या तफावतीचं कारण शोधणं, आणि मुळात ती कमी राहील असा प्रश्न घडवणं, हे व्यसनांच्या साथरोगशास्त्राचं काम. प्लेगच्या वेळी उंदीर मरून पडायला लागले की गावाला साथ कळायची. व्यसनाच्या साथीत उंदीर पडत नाहीत. इथे माणूस लपवतो, घर लपवतं आणि कधी कधी गावही लपवतं. म्हणून हे शास्त्र पुस्तकातून निम्मंच शिकता येतं. उरलेलं निम्मं शिकायला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळाले, तर कुठल्याही तरुण संशोधकाने स्वतःला नशीबवान समजावं.

बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आता त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे. सुरुवात शंभर जागांनी झाली. देशभरातल्या एमबीबीएसच्या मुलांना आता पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे शिक्षण संपेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अल्प मुदतीची संशोधनवृत्ती देते. एक छोटा प्रश्न घ्यायचा, दोनेक महिने राबायचं आणि अहवाल लिहायचा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. म्हणजे शिडीच्या पायऱ्या आहेत. तरी एक खोट राहतेच : मुलांना फॉर्म भरायला शिकवलं जातं, फॉर्म घडवायला क्वचितच. बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीतून येतात, कुणीतरी त्या शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणतं आणि त्या भवानीनगरच्या चाळीत आणि भिगवणच्या मासळीबाजारात जशाच्या तशा वाचून दाखवल्या जातात.

याचा सगळ्यात बोलका नमुना दारूच्या मापाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. एकूण गुण ४०, आणि आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं. तिच्यात विचारलेलं असतं, ‘एका दिवशी किती ड्रिंक घेता?’ इथे एक ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आता रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो सरळ मनाने सांगतो, ‘एकच.’ प्रशिक्षण नसलेला मुलगा ‘एक’ असं लिहून घेतो. पण क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क छापलेलं असतं, म्हणजे त्यात ७७ मिलिलिटर मद्यार्क आला. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका, म्हणून त्याचं वजन भरतं साधारण ६१ ग्रॅम. थोडक्यात, हे ‘एकच’ म्हणजे सहा ड्रिंक आहेत.

नुसत्या पहिल्या तीन प्रश्नांचे गुण मांडले तरी पुरे. रोज पिण्याचे चार. ‘एक ड्रिंक’चे शून्य. ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त कितीदा?’ याला ‘कधीच नाही’, त्याचे शून्य. बेरीज चार, म्हणून माणूस निर्धोक. माप नीट घेतलं तर तोच माणूस चार अधिक दोन अधिक चार, म्हणजे दहावर जातो आणि पहिल्या तीन प्रश्नांतच धोक्याची रेघ ओलांडतो. हातभट्टीच्या बाबतीत तर बाटलीवर छापलेला आकडाच नसतो. तिथे ग्लास कोणता, फुगा कोणता, त्यात पाणी किती, हे विचारत बसावं लागतं.

शब्दांचीही गंमत आहे. ‘दारू पिता का?’ म्हटलं की गावात तो आरोप होतो. ‘पिणारा’ म्हणजे गटारीकडेला पडलेला. बाकीचे ‘घेतात’, ‘बसतात’, नाहीतर ‘कधीमधी, पावणं आलं तर’. शिवाय महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही तरतूद आजही आहे, आणि ढाब्यावर बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो ते ढाबेवाल्याला विचारावं. तेव्हा पाहणीतला हा साधा ‘हो’ कागदोपत्री गुन्ह्याची कबुलीही ठरू शकतो. गांजा आणि गोळ्यांच्या बाबतीत तर १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाच उभा आहे. अशा वेळी संशोधकाच्या हातातलं सर्वांत भक्कम कुलूप म्हणजे फॉर्मवर नावच न लिहिणं.

त्याहून पुढची एक युक्ती अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडली. तिचं सोपं रूप असं. समोरच्याच्या हाती पाचाचं नाणं द्यायचं आणि पाठ फिरवायची. छापा आला तर त्याने काही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं काय ते सांगायचं. आता ‘हो’ ऐकून पोलीसपाटलालाही काही कळणार नाही, कारण तो नाण्याचा ‘हो’ आहे की माणसाचा, ते फक्त त्या माणसाला ठाऊक. पण दोनशे जणांत १३० ‘हो’ आले, तर त्यांतले सुमारे शंभर नाण्याचे. उरलेल्या शंभरांत तीस जणांनी खरं ‘हो’ म्हटलं, म्हणजे ३० टक्के. एकही माणूस उघडा पडला नाही आणि गावाचा आकडा हाती आला. बारामतीच्या कुठल्याही वर्गात अर्ध्या तासात करून दाखवता येईल असा हा खेळ आहे, आणि मुलं तो आयुष्यभर विसरत नाहीत.

कुणाला विचारायचं हा यापेक्षा अवघड मामला.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. दोन तालुक्यांत साखर कारखान्यांची अशी दाटी आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. उचल घेऊन आलेलं जोडपं म्हणजे एक कोयता. फडाजवळ कोप्या पडतात आणि उन्हाळा लागला की उठतात. मतदारयादीतून किंवा ग्रामपंचायतीच्या घरयादीतून नमुना काढणाऱ्या पाहणीत ही माणसं नसतातच. पाहणी जूनमध्ये केली तर ती गावाकडे परतलेली असतात. जानेवारीत केली आणि पथक अकरा वाजता पोचलं, तर कोपीत एखादी म्हातारी आणि पोरं. धडधाकट माणसं पहाटेच फडात गेलेली. यावर एकच उपाय : मुकादमाकडून टोळ्यांची यादी घ्यायची, अंधार पडल्यावर जायचं आणि मुलाखतीला मुकादम शेजारी उभा नाही हे बघायचं. कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते. त्याच्यासमोर कोण सांगेल, आपण किती घेतो?

‘एम्स’च्या ज्या पाहणीचा वर उल्लेख आला, तिच्यासमोर हीच अडचण देशपातळीवर होती. डिसेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात १८६ जिल्ह्यांत दोन लाखांवर घरांचे दरवाजे ठोठावले गेले आणि पावणेपाच लाखांच्या जवळपास माणसांशी बोलणं झालं. दारू-गांजासाठी हे ठीक. पण हेरॉइन घेणारा माणूस घरात सापडत नाही. सापडला तरी दार त्याची आई उघडते. म्हणून १२३ जिल्ह्यांत दुसरी वाट धरली गेली. आधी व्यसन करणारे थोडेच गाठायचे आणि त्यांनीच पुढच्यांना कूपन देऊन आणायचं. साखळीतून ७२ हजारांवर माणसं आली. कुणी किती जणांना ओळखतो याचा हिशेब ठेवून त्यावरून अंदाज सुधारायचा, हे गणित डग्लस हेकॅथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये बसवलेलं. त्याच पाहणीतला एक आकडा मनातून जात नाही : दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता.

लपलेल्यांना मोजायची आणखी एक रीत उजनीच्या काठावर कुठल्याही मासेमाराला समजावून सांगता येईल. जलाशयाच्या एका खाडीत मासे किती? शंभर पकडा, शेपटीला खूण करा, सोडून द्या. आठवड्याने पुन्हा जाळं टाका. ऐंशी आले आणि त्यांत खुणेचे आठ निघाले, म्हणजे दहांतला एक खुणेचा. खुणेचे एकूण शंभर, तर खाडीत मासे हजाराच्या आसपास. माणसांच्या बाबतीत खुणेच्या जागी यादी येते. व्यसनमुक्ती केंद्राची एक यादी, रुग्णालयाची दुसरी, आणि दोन्हींत असलेली सामाईक नावं. या विद्येच्या मुळाशी एक भारतीय नावही आहे, हे विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही. सी. चंद्रशेखरन यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्यासोबत १९४९ साली कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातल्या जन्ममृत्यूंच्या दोन नोंदी पडताळून, दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज बांधायची पद्धत प्रसिद्ध केली. जगभर ती त्या दोघांच्या नावाने शिकवली जाते.

अर्थात जाळं फसवतंही. दुसरी यादी पोलिसांची घेतली आणि पोलीसच पकडलेल्यांना केंद्रात पाठवत असतील, तर सामाईक नावं फुगतात आणि अंदाज खाली येतो. मासे खुणेमुळे जाळ्याला शहाणे झाले, तर उलटं होतं. हे कळणं म्हणजे प्रशिक्षण, सूत्र पाठ असणं नव्हे.

पोलिसांच्या आकड्यांचं एक ताजं उदाहरण शेजारीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा, म्हणजे बोलीतल्या ‘एमडी’चा, प्रचंड साठा पकडला. बारामतीला जाणारे-येणारे रोज जवळून जातात ते हे ठिकाण. बातम्या देशभर गाजल्या आणि लगेच चर्चा सुरू झाली की या पट्ट्यातली पोरं एमडीच्या नादी लागली. लागलीही असतील. पण जप्तीचा आकडा कारखाना कुठे होता ते सांगतो, माल कुणी घेतला ते नाही. २०१५ पूर्वी मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतंच, तेव्हा त्या सालापूर्वीच्या गुन्ह्यांच्या तक्त्यात ते शोधूनही मिळणार नाही. तेवढ्यावरून आधी कुणी घेत नव्हतं असा निष्कर्ष काढणाऱ्याला परीक्षकाने घरी पाठवावं.

मोजण्याच्या पुढची पायरी प्रतिबंधाची. तिथे आपल्याकडे श्रद्धा फार आणि पडताळा थोडा. २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला की प्रभातफेरी, घोषणा, पोस्टर स्पर्धा. कुणीतरी साहेब येऊन सडलेल्या फुप्फुसाची चित्रं दाखवतात, कुणी व्यसनातून बाहेर पडलेला माणूस आपली कहाणी सांगतो आणि पोरं डोळे मोठे करून ऐकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले आहेत. नुसती भीती घालणं आणि शाळेत माजी व्यसनींच्या कहाण्या ऐकवणं या गोष्टींचा उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळांसाठी ‘डेअर’ कार्यक्रम काढला. तो अफाट लोकप्रिय झाला, आणि मोजणारे आले तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम नगण्य निघाला. उलट दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ मध्ये ‘मैत्री’ नावाचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या शाळा कार्यक्रमाला निवडल्या, निम्म्या तुलनेला ठेवल्या. मुलांतल्याच मुलांनी गट चालवले, नकार कसा द्यायचा याचा सराव केला, आणि दोन वर्षांनी तंबाखूचा वापर दोन्हीकडे मोजला. कार्यक्रमाच्या शाळांत तो कमी निघाला. तुलनेच्या शाळा नसत्या तर हे कळलंच नसतं.

महाराष्ट्राकडे स्वतःचं असं एक अजब हत्यार आहे : उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या बायकांनी मतदान करायचं. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मतं पडली, तर दुकान बंद. मेख ‘एकूण’ या शब्दात आहे. हजार बायकांच्या गावात सहाशे बाहेर पडल्या आणि ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर मतदानात ऐंशी टक्के आडव्या बाटलीकडे, आणि तरीही दुकान चालू. साथरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला ‘छेद कोणता?’ हा जो प्रश्न फळ्यावर लिहितात, त्याचं याहून झणझणीत उदाहरण क्वचितच मिळेल. एखाद्या विद्यार्थ्याला विषय हवा असेल तर हाच घ्यावा. दुकान बंद झालेल्या आणि न झालेल्या गावांत पुढच्या दोन वर्षांत पिणं, मारहाण, घरखर्च यांत काय फरक पडला? आणि बंद गावातले लोक शेजारच्या गावी जाऊ लागले का?

शिकण्याच्या जागा फार लांब नाहीत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. अवचटांची ‘गर्द’वरची लेखमाला हे तर एका अर्थाने ब्राउन शुगरचं पहिलं मराठी क्षेत्रसंशोधनच. शिरूर तालुक्यात वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावंच्या गावं वर्षानुवर्षं नोंदवून ठेवली आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने २०१६ पासून दारू-तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’ चालवलं आहे. अमेरिकेची राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्था परदेशी तरुणांना फेलोशिप देते, तीही मिळवावी. पण त्याआधी एकदा गोव्याला जावं.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली आणि डॉ. अभिजित नाडकर्णी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. ऑडिटचे गुण १२ ते १९ असलेले ३७७ पुरुष घेतले होते. समुपदेशक मात्र डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी नसलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या रेघेखाली आले, न मिळालेल्यांत २६ टक्के. पण तरुण संशोधकाने उचलावी अशी गोष्ट त्या आकड्यांपलीकडे आहे. हे समुपदेशक आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करत. मग सगळे एकत्र बसून त्या ऐकत आणि एकमेकांना गुण देत. कुठे घाई केली, कुठे शब्द तोंडात घातला, कुठे समोरचा बोलणार होता आणि आपण पुढचा प्रश्न टाकला.

तीच पद्धत इंदापूरच्या त्या पडवीवर चालवून पाहता येते. संमती घेऊन मुलाखत मुद्रित करायची, रात्री मुलींनी मिळून ऐकायची. ‘तंबाखू खाता का?’ आणि पाठोपाठ ‘न्हाय बाई’. कुणीतरी म्हणेल, अगं, माझी आजीपण हेच म्हणाली असती. मग सातवा प्रश्न खोडायचा. त्याच्या जागी आधी यायचं : ‘सकाळी दात कशानं घासता?’ आणि पुढे एकेक नाव : मशेरी, तपकीर, तंबाखू-चुना, मावा. गुटख्याचंही नाव घ्यायचं, २०१२ पासून राज्यात बंदी असली तरी.

दुसऱ्या खेपेला बाई उठते, कोनाड्यातली डबी काढून आणते. ‘ही व्हय? दिसातनं चारदा लावती.’ आणि एका वेळी किती? बाई तर्जनीचं पहिलं पेर दाखवते. फॉर्मवर ग्रॅमचा रकाना आहे, पेराचा नाही. मुलगी समासात लिहून ठेवते : एक पेर, उद्या येताना काटा आणायचा.